शाळेतलं इंटरनेट मुलांच्या हाती देण्याआधी : नव्या शिक्षकांसाठी

जिल्हा परिषदेच्या किंवा छोट्या अनुदानित शाळेत नव्याने रुजू झालात आणि वयाने तरुण असलात, तर संगणक कक्षाची किल्ली बहुतेक वेळा तुमच्याचकडे येते. "तुम्हाला यातलं कळतं, तुम्हीच बघा," एवढ्या एका वाक्यावर पहिली ते आठवीच्या मुलांचं इंटरनेट तुमच्या अंगावर पडतं. कक्षात चार-सहा संगणक, लोकवर्गणीतून आलेला स्मार्ट टीव्ही, कुणी देणगी दिलेले टॅब, आणि यातलं नेमकं काय कसं जोडलंय याची कुठेही नोंद नाही. हा लेख अशा शिक्षकांसाठी आहे. सगळं एका दिवसात होणार नाही, पण क्रम मात्र पाळा. मुलांना बसवण्याआधीची कामं आधीच झाली पाहिजेत.

पहिली पायरी : इंटरनेट येतं कुठून ते शोधा

एक जुनी वही घ्या आणि शाळेत इंटरनेटला जोडलेली प्रत्येक वस्तू लिहून काढा. राउटर कुठे आहे, त्याचा पासवर्ड कुणाकुणाला ठाऊक आहे, टीव्ही कशावर चालतो, टॅब किती, त्यांवर कुणाचं खातं उघडलेलं आहे. पुष्कळ शाळांत असं दिसेल, की राउटर नावालाच आहे आणि खरं इंटरनेट एखाद्या गुरुजींच्या किंवा बाईंच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून येतं. यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र ते माहीत असायला हवं, कारण राउटरवर बसवलेलं कुठलंही संरक्षण हॉटस्पॉटला लागू होत नाही.

वाय-फायचा पासवर्ड फळ्यावर किंवा राउटरच्या डब्यावर लिहिलेला असेल तर तो आजच बदला. शाळा सुटल्यावर कुंपणाला टेकून मोबाईल पाहणारी मोठी मुलं बहुधा त्याच वाय-फायवर असतात.

दुसरी पायरी : मोठ्यांची खाती मुलांच्या समोरून हटवा

माझ्या मते सगळ्यात जास्त धोका इथे असतो आणि याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. शाळेच्या संगणकावर एखाद्या शिक्षकाचं जीमेल उघडं असतं, व्हॉट्सॲप वेब चालू राहिलेलं असतं, टीव्हीवर कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून यूट्यूब सुरू असतं. मग शिकवता शिकवता बाजूला जे व्हिडिओ सुचवले जातात, ते त्या मोठ्या माणसाच्या रात्रीच्या पाहण्यावरून आलेले असतात. दुसरीतली मुलं ते बघतात. मोबाईल टीव्हीला जोडून धडा दाखवताना वरून घसरत येणारे मेसेजही चाळीस मुलं वाचतात.

म्हणून प्रत्येक संगणकावर दोन खाती करा. एक प्रशासकाचं, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे. दुसरं विद्यार्थ्यांचं, साधं 'स्टँडर्ड' प्रकारचं, ज्यातून नवा प्रोग्रॅम बसवता येत नाही की सेटिंग बदलता येत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड पुसा. टीव्हीसाठी शाळेच्या नावाचं वेगळं खातं काढा आणि त्यात व्हिडिओ आपोआप पुढे सरकण्याची सोय बंद ठेवा. मोबाईल टीव्हीला जोडायचाच असेल, तर आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. टॅब मुलांच्या हातात देताना ॲप पिन करा. सेटिंगमधल्या सुरक्षेच्या भागात ही सोय असते. ती लावताना बाहेर पडण्याआधी पिन विचारण्याचा पर्यायही चालू केला, की मूल त्या एका ॲपमधून पिन टाकल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही.

गूगलचं स्वतंत्र खाते तेरा वर्षांखालील मुलाला आपलं आपण काढता येत नाही, पालकांच्या देखरेखीखालचं खातं चालतं. इन्स्टाग्रामची आणि व्हॉट्सॲपची किमान वयाची अटही तेराच आहे. तेव्हा चौथी-पाचवीच्या मुलांना उपक्रमासाठी "जन्मवर्ष मागे टाका आणि खातं काढा" असं शिक्षकाने कधीही सांगू नये. खोटं वय टाकलं की ते ॲप मुलाला मोठं माणूस समजतं, आणि मुलांसाठी ठेवलेली सगळी बंधनं सुटतात.

तिसरी पायरी : गाळणी बसवा, आणि तिच्या मर्यादा ओळखा

यासाठी पैसे लागत नाहीत. आपण ब्राउझरमध्ये टाकलेलं नाव कुठल्या संगणकाकडे न्यायचं हे डीएनएस ठरवतं. तिथे मुलांसाठीची सेवा लावली की अश्लील संकेतस्थळं उघडतच नाहीत. क्लीनब्राउझिंगचा मोफत फॅमिली फिल्टर लहान मुलांच्या शाळेला बरा पडतो, कारण तो गूगल, बिंग आणि यूट्यूबलाही सुरक्षित पद्धतीवर आणून ठेवतो. त्याचे दोन पत्ते असे : १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. टाइप करताना अर्थातच इंग्रजी आकडे वापरा.

राउटर असेल तर त्याच्या सेटिंगच्या पानावर डीएनएसच्या दोन रकान्यांत हे पत्ते टाका. राउटर कंपनीच्या माणसाकडून बसवलेला असेल आणि पान उघडत नसेल, तर त्यालाच बोलावून करून घ्या. इंटरनेट हॉटस्पॉटवरून येत असेल, तर प्रत्येक संगणकावर नेटवर्क ॲडॉप्टरच्या गुणधर्मांत आयपीव्ही४ उघडून तिथे हे पत्ते भरावे लागतील. इथे एक खाच आहे. आपल्याकडच्या मोबाईल नेटवर्कवर बऱ्याचदा आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत चालते, आणि मग तुम्ही आयपीव्ही४ मध्ये भरलेल्या पत्त्यांना वळसा घालून सगळं सुरळीत चालू राहतं. त्याच खिडकीतली आयपीव्ही६ समोरची खूण काढून टाका. क्रोममध्ये 'सुरक्षित डीएनएस' नावाची सोय असते, ती दुसऱ्या सेवेवर लावलेली असेल तर तुमची गाळणी निरुपयोगी ठरते, म्हणून तीही बंद करा. टॅबवर 'प्रायव्हेट डीएनएस' या सेटिंगमध्ये फॅमिली-फिल्टर-डीएनएस.क्लीनब्राउझिंग.ऑर्ग हे नाव इंग्रजी अक्षरांत टाका.

मग तपासा. यूट्यूब उघडा. प्रतिबंधित पद्धत लागू झाली असेल तर व्हिडिओखालच्या प्रतिक्रिया दिसत नाहीत. गूगलच्या सेफसर्चच्या पानावर कुलपाचं चिन्ह दिसायला हवं. ही तपासणी विद्यार्थ्यांच्या खात्यातून करा.

आता मर्यादा. गाळणी अख्खं संकेतस्थळ अडवते, त्यातला एखादा व्हिडिओ निवडून अडवत नाही. यूट्यूबची प्रतिबंधित पद्धतही वेगवेगळ्या भाषांत सारखी चालत नाही. कार्टूनचा चेहरा लावून केलेला, मराठीत किंवा हिंदीत शिव्या असलेला व्हिडिओ तिच्यातून सहज निसटू शकतो. म्हणून वर्गात दाखवायचा व्हिडिओ आधी शेवटपर्यंत पाहिलेला असावा, आणि वर्गात मुलांसमोर शोधाशोध करू नये. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं, सुरुवातीला त्यातूनच काम भागवा. मुलांना स्वतः शोधायला द्यायचं असेल तर चार-पाच पानं निवडून त्यांच्या लिंक संगणकाच्या पडद्यावर ठेवा आणि "एवढ्यातूनच शोधा" म्हणा. पाचवीपर्यंत एवढं पुरतं.

चौथी पायरी : खोलीची मांडणी

पडदे भिंतीकडे पाठ करून, तुमच्या नजरेसमोर. दार उघडं. एका संगणकावर दोन मुलं, कारण दोघं असली की एकटं मूल जे करून बघेल ते सहसा होत नाही. कोण कुठल्या संगणकावर किती वाजता बसलं, याची वही. तुम्ही खोलीत नसाल तर संगणक बंद. यावर याहून जास्त बोलायची गरज नाही.

पाचवी पायरी : मुलांना काय शिकवायचं

गाळणी शाळेच्या फाटकापाशी संपते. घरी आईचा मोबाईल आहे, काकाचा आहे, शेजारच्या दादाचा आहे. त्यामुळे मुलाच्या मनात जे बसेल तेच त्याच्यासोबत घरी जाईल. यासाठी वेगळा तास लागत नाही. परिपाठातली पाच मिनिटं आठवड्यातून दोनदा दिली तरी वर्षभरात खूप होतं. मात्र "इंटरनेट वाईट आहे" हे शिकवू नका. ज्या मुलाला हे शिकवलं जातं, ते काही बिनसल्यावर सांगायला येत नाही, कारण मुळात तिकडे गेल्याबद्दलच मार पडेल असं त्याला वाटतं.

पहिली-दुसरीच्या मुलांना एकच गोष्ट शिकवा : पडद्यावर भीती वाटेल, लाज वाटेल किंवा कसंतरीच वाटेल असं काही आलं, तर पडदा बंद करायचा आणि मोठ्या माणसाला सांगायचं. मॉनिटरचं बटण कुठे आहे ते प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष दाबायला लावा. टॅब असेल तर पालथा टाकायचा. याचा सराव खेळासारखा घ्या. तुम्ही टाळी वाजवली की सगळ्यांनी पडदा बंद करून हात वर करायचे. ज्याने खरोखर येऊन सांगितलं, त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या. काय दिसलं ते मात्र सगळ्यांसमोर विचारू नका.

तिसरी ते पाचवीत अनोळखी माणसाला काय सांगायचं नाही ते शिकवा. नाव, शाळा, गाव, घराचा पत्ता, आईबाबांचा नंबर, स्वतःचा फोटो. आणि ओटीपी. ओटीपी हा शब्द या वयाच्या मुलांना नीट समजावून सांगाच, कारण घरी आजोबांच्या मोबाईलवर आलेले आकडे वाचून दाखवायचं काम बरेचदा नातवाकडेच असतं. "फोनवर आलेले आकडे कुणी मागितले तर द्यायचे नाहीत, बँकेचा माणूस म्हणाला तरी नाहीत," हे त्याला पाठ असलं तर ते मूल अख्ख्या घराची राखण करतं.

सहावी ते आठवीशी मोकळेपणाने बोलावं लागेल, आणि ते अवघड वाटलं तरी टाळू नका. गेममधून ओळख वाढवणाऱ्याची रीत त्यांना सरळ सांगा. आधी तो खेळात मदत करतो, कॉइन किंवा स्किन देतो. मग म्हणतो, "चल, दुसऱ्या ॲपवर बोलू." मग म्हणतो, "घरी सांगू नको, आपलं गुपित." मग फोटो मागतो. आणि फोटो मिळाला की धमकी. ही साखळी मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या आणि विचारा, कुठल्या कडीपाशी थांबता येईल? उत्तर मुलंच देतील. बहुतेक जण 'गुपित' या शब्दावर बोट ठेवतात आणि ते अगदी बरोबर आहे. पण पुढचं वाक्य तुम्ही म्हणायलाच हवं : शेवटच्या कडीपर्यंत गेलात, फोटो पाठवून बसलात, तरीही या आणि सांगा. चूक फोटो मागणाऱ्याची आहे.

याच वयात वर्गमैत्रिणीचा साधा फोटो घेऊन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपवर तिचं अश्लील चित्र बनवण्याचा प्रकार होऊ शकतो. मुलग्यांना वेगळं बसवून स्पष्ट सांगा, की ही गंमत नाही, गुन्हा आहे. बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पोक्सो, बनावट चित्राची धमकी देणंही लैंगिक छळात धरतो.

सहावी पायरी : शाळा स्वतः काय उघड करते ते पाहा

हे वाचताना थोडं टोचेल. शाळेच्या फेसबुक पानावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पर्धेचे, स्नेहसंमेलनाचे, सहलीचे फोटो जातात. खाली मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, गाव. गणवेशावर शाळेचं नाव. एखाद्या परक्या माणसाला त्या मुलीशी ओळख असल्याचं भासवायला याहून जास्त काही लागत नाही. हे सगळं आपण कौतुकाने केलेलं असतं, पण परिणाम तोच होतो.

फोटो टाकायचा तर घोळक्याचा, लांबून घेतलेला टाका. नाव द्यायचं असेल तर फोटो नको, फोटो असेल तर पूर्ण नाव नको. जवळून घेतलेले नाचाचे किंवा पोहण्याचे फोटो सार्वजनिक पानावर नकोतच. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून लेखी संमती घ्या आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या मुलांची यादी फोटो काढणाऱ्याकडे द्या. संमती न देणाऱ्या पालकाला "का बरं?" असं विचारत बसू नका.

तीच गोष्ट माहितीची. आधार क्रमांक, जात, बँक खाते, मोबाईल नंबर असलेली याद्यांची फाइल केंद्राच्या ग्रुपवर टाकली जाते, किंवा गूगल शीटवर 'लिंक असलेला कोणीही' पाहू शकेल अशी ठेवली जाते. ही सेटिंग आजच तपासा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. वरिष्ठांनी यादी मागितली तर ती द्यावी लागते, पण ग्रुपवर न टाकता मागणाऱ्याला एकट्याला पाठवा.

सातवी पायरी : काही घडलंच तर

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ देईन, कारण मुलाने सांगितल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत आपण कसे वागतो यावर पुढचं सगळं ठरतं.

मूल येऊन सांगू लागलं, की हातातलं काम ठेवा. चेहरा शांत ठेवा. "बरं केलंस सांगितलंस. यात तुझी चूक नाही. आता पुढचं मी बघते." एवढीच वाक्यं. "तू तिकडे गेलीसच कशाला?" हा प्रश्न ओठांवर आला तरी गिळा. "कुणालाच सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. "ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन" असं म्हणा. मुलाला पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शिक्षकांसमोर तीच हकिगत सांगायला लावू नका. एकदा ऐका, त्याच्याच शब्दांत तारीख-वेळ घालून लिहून ठेवा.

पुरावा जपा, पण इथे काळजी घ्या. चॅट, वापरकर्त्याचं नाव, लिंक, नंबर, वेळ हे टिपून ठेवा आणि मुलाला काही पुसू देऊ नका. मात्र मुलाचा नग्न किंवा अश्लील फोटो असेल, तर तो स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका, स्क्रीनशॉट काढू नका, मुख्याध्यापकांना 'दाखवण्यासाठी' पाठवू नका. असं साहित्य साठवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी त्यात सापडू नका. तो मोबाईल तसाच बाजूला ठेवा आणि पोलिसांना पाहू द्या.

मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा. लैंगिक अपराध घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "गावातलं आहे, आपसात मिटवू", "मुलीचं नाव खराब होईल" असं कुणी म्हटलं, अगदी सरपंच किंवा संस्थाचालक म्हणाले, तरी हे कलम त्यांच्यासमोर ठेवा. मुलीचं नाव गुप्त ठेवण्याची सोय त्याच कायद्यात आहे. शिक्षकांच्या ग्रुपवर तिचं नाव येता कामा नये.

हे क्रमांक कार्यालयात आणि संगणक कक्षात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा : बालकांसाठी १०९८, सायबर गुन्ह्यांसाठी आणि विशेषतः पैसे गेले असतील तर १९३०, तातडीची मदत ११२. पैशांच्या फसवणुकीत १९३० ला जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवून धरण्याची शक्यता जास्त. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर महिला आणि बालकांविषयीच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही माहिती देता येते. मुलाचा फोटो पसरण्याची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या बेपत्ता व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची मोफत सेवा अठराखालच्या मुलांसाठी आहे. फोटो तिकडे पाठवावा लागत नाही, मोबाईलवरच त्याचा एक ठसा तयार होतो आणि त्यावरून सहभागी कंपन्या तो फोटो ओळखून काढून टाकतात. हे मुलाने किंवा पालकांनी त्यांच्याच मोबाईलवरून करायचं, आणि पोलिसांना कळवल्यानंतर त्यांच्या सल्ल्याने करायचं.

सगळेच प्रसंग पोलिसांपर्यंत जात नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर एकाला टोपणनावाने चिडवणं, विद्रूप केलेला फोटो स्टेटसला ठेवणं, ग्रुपमधून मुद्दाम काढणं, हे शाळेनेच हाताळायचं असतं. तरी ते 'पोरांचं भांडण' म्हणून सोडू नका. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीपुढे ठेवा, दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवा, आणि दोन्ही मुलांना समोरासमोर उभं करून माफी मागायला लावण्याची घाई टाळा. ज्याने त्रास दिला तोही तुमचाच विद्यार्थी आहे. तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे आहे आणि ती शेवटची कधी उघडली, हेही विचारून घ्या.

आठवी पायरी : पालक

पालक सभा सकाळी अकराला ठेवलीत तर मजुरीवर जाणारं कुणी येणार नाही. संध्याकाळी ठेवा, किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी. व्याख्यान नको. प्रत्येकाने आपापला मोबाईल बाहेर काढायचा आणि तिथेच तीन गोष्टी करून घ्यायच्या : प्ले स्टोअरमध्ये वयाचं बंधन लावणं, यूट्यूबला प्रतिबंधित पद्धत लावणं, यूपीआयचा पिन मुलाला माहीत असेल तर तो बदलणं. ज्यांना जमत नाही त्यांच्या शेजारी आठवीतलं एखादं मूल बसवा, पिन बदलताना मात्र त्याला बाजूला करा.

आणि पालकांना एक विनंती आवर्जून करा : मुलाने काही सांगितलं तर शिक्षा म्हणून मोबाईल काढून घेऊ नका. मुली गप्प राहतात त्यामागे हे एक मोठं कारण असतं. मोबाईल जाईल, आणि त्यासोबत शाळाही सुटेल, ही भीती.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं याचं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये घालून दिलं. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तुमच्या गावाला ते जमेलच असं नाही, पण शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय काढायला काहीच हरकत नाही.

शेवटची पायरी : दर महिन्याला, आणि बदलीच्या वेळी

महिन्यातून एकदा विद्यार्थ्यांच्या खात्यातून गाळणी तपासा, ब्राउझरचा इतिहास चाळा, कुठल्या संगणकावर नवं काही बसलंय का पाहा आणि वहीत तारीख टाका. इतिहासात नको ते दिसलं तर मुलाला सगळ्यांसमोर उभं करण्याऐवजी आधी गाळणीतलं भोक शोधा.

तुमची बदली झाली, की ही वही, प्रशासकाचे पासवर्ड, राउटरचा पासवर्ड आणि संमती न दिलेल्या पालकांची यादी पुढच्या शिक्षकाच्या हातात सही घेऊन द्या. वर्गांच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडा, शाळेच्या फेसबुक पानावरचा तुमचा अधिकार काढून घ्यायला सांगा, आणि नव्या माणसाला त्याच दिवशी सगळे पासवर्ड बदलायला लावा. स्वतःच्या मोबाईलमधले विद्यार्थ्यांचे फोटो आणि याद्या पुसून मगच नव्या शाळेत रुजू व्हा.